भिंगरीचा नंबर

आमच्या शाळेत दोनशे बारा मुलं, सात शिक्षक आणि एक हेडसर होते, आणि ही सगळी मंडळी चालवायला एक पट्टीमावशी होत्या. हुद्दा शिपायाचा. घंटा द्यायची, पाणी भरायचं, वर्ग झाडायचे. पण हुद्द्यावर जाऊ नका. हेडसर रजेवर गेले तर शाळेला ते चौथ्या दिवशी कळायचं. मावशी एकदाच रजेवर गेल्या, तर पहिल्याच तासाला तिसरीच्या वर्गात एक मांजर येऊन बसलं आणि त्याला हाकलायचं कोणी, यावर शिक्षकांची सभा भरली.

उंची साडेचार फूट, त्यातला अर्धा फूट डोक्यावरच्या अंबाड्याचा. अंगात निळा एप्रन आणि एप्रनच्या वरच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. ही पट्टी मारायची नव्हती, तोंडात घालायची होती. रोज सकाळी प्रार्थना संपली की मावशी रांगेच्या टोकाशी उभ्या राहत आणि "आ करा!" अशी आरोळी ठोकत. दोनशे बारा तोंडं एकदम उघडायची. मैदानाच्या कडेच्या झाडावरचे कावळे दचकून उडायचे. मग मावशी निघायच्या. पट्टीच्या टोकानं ओठ वर, ओठ खाली, जीभ बाजूला, पुढचा. एका तोंडाला तीन सेकंद. दोन तोंडांच्या मध्ये पट्टी एप्रनला पुसायची. या पट्टीवर बसून कुठल्या तोंडातले जंतू कुठल्या तोंडात उतरले असतील, याचा नकाशा काढायचं माझ्या मनात बरेचदा यायचं, कारण मी भूगोल शिकवायचो. पण एवढा मोठा कागद शाळेत नव्हता.

"काय गं, ब्रश केलास?"

"हो मावशी."

"कोणाच्या दातांना?"

रांगेत हशा पिकायचा. जिला विचारलं तीही हसायची, आणि हसताना दात दिसायचे, आणि मावशींना तेच हवं असायचं.

दातांबद्दल मावशींचं स्वतःचं एक शास्त्र होतं. दुधाचे दात भाड्याचे आणि पक्के दात घरचे. "भाडेकरू आज ना उद्या जाणारच की हो," त्या म्हणायच्या, "त्याच्यासाठी भिंतींना रंग कोण लावत बसतं?" दुधाचा दात कोणता आणि पक्का कोणता, हे ओळखायची खूणही सोपी होती. एक दात पडून त्याच्या जागी जो उगवला तो पक्का. जो कोणाच्याच जागी आलेला नाही तो दुधाचा. हे इतकं सरळ होतं की आम्ही सात शिक्षकांनी, त्यात विज्ञान शिकवणाऱ्या बाईही आल्या, कधी त्यावर शंका घेतली नाही. वयाच्या सहाव्या वर्षी, सगळ्या दातांच्या मागं, कोणालाही न उठवता एक पक्की दाढ गुपचूप येऊन बसते, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. ते कसं कळलं, तेच सांगायला बसलोय.

दातांचा डॉक्टर आमच्यापासून बसनं चार तासांवर, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. तिथं लहान मुलांसाठी दोन खुर्च्या होत्या आणि त्यातली एक कायम दुरुस्तीला. आधी जाऊन नाव नोंदवायचं, मग चिठ्ठी मिळायची, चिठ्ठीवर तारीख असायची. ती आठ-नऊ महिन्यांनंतरची. तोवर एकतर दुखणं जायचं किंवा दात. आमच्या गावच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. ताप, खोकला, बाळंतपण, कुत्रा चावणं, शिडीवरून पडणं, हे सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर. दातांना त्यांच्याकडे वर्षातून एकच दिवस होता. तो शिबिराचा.

शिबिराला डॉक्टर एक टॉर्च, लाकडी काड्यांचं एक पुडकं आणि एक पेन घेऊन यायचे. तीन तासांत दोनशे बारा तोंडं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड. कार्डावर 'दात निरोगी' किंवा 'किडलेले दात इतके' असं लिहून खाली सही. ज्या शाळेत किडके दात सगळ्यांत कमी, तिला आरोग्य खात्याची फिरती ढाल मिळायची. पितळी, परातीएवढी, मध्ये हसणारी दाढ कोरलेली. दाढेला डोळेसुद्धा होते.

पहिल्या वर्षी ती ढाल आम्हाला चुकून मिळाली. अगदी देवाशपथ चुकून. शिबिराच्या दिवशी ज्यांचे दात ठणकत होते ती सव्वीस मुलं घरी गाल धरून झोपली होती. उरलेली हजर होती आणि त्यांचे दात बरे होते. हेडसरांना आनंदानं घेरीच आली. आयुष्यात त्यांना आजवर एक मुंडासंही कोणी बांधलं नव्हतं. त्यांनी ढाल ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवली आणि दिवसातून तीनदा कपाटापाशी जाऊन ते टाय सारखा करू लागले. तिच्या चकचकीत पोटात त्यांचा चेहरा दिसायचा आणि शेजारी दाढ हसायची.

दुसऱ्या वर्षी ती चूक आम्ही मुद्दाम केली. तिसऱ्या वर्षापासून तिची पद्धत झाली. शिबिराच्या आदल्या सकाळी मावशी नेहमीसारख्या पट्टी घेऊन रांगेतून जायच्या आणि काही मुलांच्या खांद्यावर पट्टीनं हलकेच टकटक करायच्या. ज्याच्या खांद्यावर टकटक, त्याला उद्या सुट्टी आणि एक बिस्किटाचा पुडा. मुलं काय, खूष! पट्टी जवळ आली की काही चलाख मुलं चांगले दात जिभेनं झाकून किडका दात पुढं करायची. पोरांना दाताची बिस्किटं मिळत आणि बिस्किटांनी दाताचं उरलंसुरलं काम होई.

कार्डांचं काय? ती माझ्याकडे असायची. माझं अक्षर चांगलं, हा माझा जन्माचा गुन्हा. जी मुलं घरी, त्यांच्या कार्डांवर मी आदल्या दिवशीच वळणदार अक्षरात 'दात निरोगी' असं लिहून ठेवायचो. शिबिर संपलं की डॉक्टर एका हातात चहा घेऊन दुसऱ्या हातानं गठ्ठ्यावर सह्या करायचे आणि गठ्ठा दवाखान्यातल्या कपाटात जायचा. वर्षभरात दाताचा माणूस म्हणून जे कोणी शाळेत यायचं, ते नेमकं त्या दिवशी यायचं ज्या दिवशी दात दुखणारी पोरं घरी बसलेली असायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आम्ही शिक्षक होतो.

चार वर्षं ढाल आमच्याकडे राहिली. सलग पाच वर्षं राहिली तर ती कायमची, असा नियम होता. पाचवं वर्ष उजाडलं आणि हेडसर मुलांच्या तोंडाकडे पाहून नमस्कार करू लागले.

त्या वर्षी भिंगरी दुसरीत होती. मावशींची नात, मुलीची मुलगी. आई दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर, म्हणून पोर आजीपाशी. खरं नाव हजेरीत. बाकी सगळं गाव तिला भिंगरी म्हणायचं, कारण ती चालत अशी कुठं गेलीच नाही. गोल गोल फिरतच जायची. वर्गात मी पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे शिकवायला लागलो की भिंगरीला पुढं बोलवायचो. ती फिरायची, मी टॉर्च धरायचो. दिवस, रात्र, दिवस, रात्र. मग तिला चक्कर यायची आणि पृथ्वी माझ्या टेबलावर आदळायची.

तिची खालची डावी दाढ किडली होती. सगळ्यांत मागची. काळा खड्डा, त्यात बिस्किटाचा चुरा. मावशींनी शास्त्र लावून पाहिलं. ही दाढ कोणाच्या जागी आलेली नाही. म्हणजे दुधाची. "पडेल गं," त्यांनी लवंग कापसात गुंडाळून दाढेत बसवली. "भाडेकरू आहे. जाताना जरा दंगा करतोच."

तरी जीव राहवेना म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्या चार तास बसनं गेल्या, भिंगरीचं नाव नोंदवून आल्या. तारीख नऊ महिन्यांनंतरची मिळाली. चिठ्ठी त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली. चष्मा नव्हता. डबी होती.

शिबिराच्या आदल्या सकाळी हेडसरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मी कार्डं घेऊन तिथंच बसलो होतो.

"मावशी, तुमच्या नातीला उद्या रांगेत राहू दे. एका दातानं काही ढाल जात नाही. डॉक्टर बघतील तरी."

हेडसर वाईट नव्हते. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही विसराल.

मावशींनी पट्टी एप्रनला पुसली. "वा सर! लोकांच्या पोरी घरी बसवू आणि माझी तेवढी डॉक्टरापुढं? उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"अहो, पण दुखतंय ना तिला?"

"एकतीस जणांना दुखतंय सर. मी मोजलेत."

आणि त्या बाहेर जाऊन रांगेतून निघाल्या आणि पहिली टकटक त्यांनी भिंगरीच्या खांद्यावर केली. जरा जोरातच. सगळ्यांना दिसावी अशी.

"आजी, मला डॉक्टर नाही बघणार?"

"बघून काय करणारेत? त्यांच्याकडे टॉर्चच आहे नुसता. घरी बस, बिस्किटं खा."

भिंगरी रांगेतून फिरत फिरत बाहेर गेली. मी आत तिच्या कार्डावर लिहिलं, 'दात निरोगी'. 'नि'ची वेलांटी मला फार सुंदर जमते.

ढाल मिळाल्याचं पत्र आठवड्यात आलं. पाचवं वर्ष. कायमची. समारंभाची तारीख ठरली, मुलांचं दातांवरचं गाणं बसवायला घेतलं, आणि शिबिरानंतर बाराव्या दिवशी भिंगरीचा गाल सुजला.

हेडसरांनी स्वतःच्या स्कूटरवरून आजी-नातीला दवाखान्यात नेलं. त्या आठवड्यात गावात चार मुलांना गालगुंड झालेले होते. गाल सुजलेली ही पाचवी. डॉक्टर सकाळपासून जेवलेले नव्हते आणि बाहेर साठ माणसं होती. त्यांनी भिंगरीला आ करायला सांगितलं. तिनं बोटभर केला आणि रडायला लागली.

"दातबित दुखत होता का हिचा?"

मावशींनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसर म्हणाले, "छे हो डॉक्टर, आमच्या शाळेतली मुलगी आहे!"

डॉक्टर हसले. तरी माणूस नीट होता. त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला, भिंगरीचं कार्ड शोधलं आणि वाचलं. 'दात निरोगी'. खाली त्यांचीच सही. बारा दिवसांपूर्वीची. स्वतःच्या सहीवर माणूस विश्वास ठेवणार नाही तर कोणाच्या?

"गालगुंडच आहे. शेक द्या, तापाचं औषध द्या, चार दिवस शाळेत पाठवू नका."

मावशी गप्प राहिल्या. का, ते त्यांनी मला फार पुढं, एका बसमध्ये सांगितलं. "वाटलं, दुधाचाच तर दात आहे. भाड्याच्या दातासाठी सरांची मान कशाला खाली घालू? पाच वर्षांचं त्यांचं एकच तर कौतुक. आणि म्हटलं, डॉक्टरच सांगतायत गालगुंड, तर गालगुंडच असावा. मला बरंच वाटलं हो, गालगुंड ऐकून."

तीन दिवस शेक दिला. सूज गालावरून हनुवटीखाली उतरली, मग पलीकडच्या बाजूलाही गेली. मान बेडकासारखी भरली. तोंडातून लाळ गळायला लागली. ती बोलायची, तर तोंडात गरम काहीतरी धरल्यासारखं.

चौथ्या दिवशी सकाळी समारंभ होता. मावशींनी एप्रनला इस्त्री केली, घंटा देऊन आल्या, निघण्याआधी नातीजवळ बसल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "आ कर."

भिंगरीनं डोळे मोठे केले. तोंड उघडेना. मावशींनी खिशातून पट्टी काढली. चपटी बाजू ओठांत घातली, दातांच्या फटीपर्यंत नेली. पट्टी शिरेना. कड आत घालून पाहिली. शिरेना. बावीस वर्षं दिवसाला दोनशे तोंडांत शिरलेली पट्टी.

शाळेत मांडव भरला होता. स्टेजवर आरोग्य खात्याचे साहेब, हेडसर आणि आमचे डॉक्टर, मध्ये टेबलावर ढाल. दुसरीची मुलं हातात पुठ्ठ्याचे ब्रश घेऊन गात होती. हेडसर माइकवर आले आणि म्हणाले, "आमच्या शाळेत आज औषधालासुद्धा किडका दात सापडायचा नाही."

तेवढ्यात मावशी मधल्या वाटेनं आल्या. त्यांना ओरडायची सवय होती, त्यामुळे माइक लागला नाही.

"डॉक्टरसाहेब, ती शिबिराला नव्हतीच! तिची दाढ किडलीय! तुम्ही बघितलंच नाही तिला, एकतीस जणांना बघितलं नाही तुम्ही!"

हेडसर माइकमध्ये म्हणाले, "मावशींच्या नातीला बरं नाहीये, त्यांच्या मनावर जरा..."

डॉक्टर तोवर स्टेजवरून उडी मारून खाली आले होते. पळताना ते माझ्यापाशी क्षणभर थांबले. "कार्ड कोणी लिहिलं?" मी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. ते पळत गेले.

दवाखान्याची जीप काढली. मोठं रुग्णालय चार तासांवर. डॉक्टर मागं पोरीजवळ बसले होते, हात तिच्या मानेखाली. अडीच तासांवर भिंगरीचा श्वास घुसमटला. उन्हाची वेळ होती, रस्ता सरळ होता, जीप उत्तम चालत होती. डॉक्टरांनी रस्त्याच्या कडेला जे काही करता येतं ते सगळं केलं. तोंड उघडत नव्हतं.

तिकडे समारंभाचं काय करायचं, हा प्रश्न होता. साहेब लांबून आले होते. ढाल परत नेणं शोभलं नसतं. मुलांचं गाणंही अर्धं राहिलं होतं. डॉक्टरांची खुर्ची स्टेजवर रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर मला बसवलं. मी बसलो. ढाल स्वीकारतानाच्या फोटोत डावीकडून तिसरा मी आहे. टाळ्या वाजवतोय.

कागदावर लिहिलं गेलं, तापानं गेली. मावशींची मुलगी कारखान्यातून दोन दिवसांनी पोचली आणि तिनं विचारलं, "आई, कशानं गं?" मावशी म्हणाल्या, "तापानं." डॉक्टरांनी बदली मागून घेतली. जाताना ते मला एवढंच सांगून गेले, "ती दाढ दुधाची नव्हती सर. पक्की होती." गावात थोडे दिवस लोक मावशींवर चिडून होते. नात गेली म्हणून नव्हे, साहेबांसमोर शाळेची लाज काढली म्हणून. कोणी तरी म्हणालं सुद्धा, "बाई, जरा समारंभ होऊ द्यायचा होता." मावशींनी हे ऐकून घेतलं आणि दर सोमवारी चिंचेनं ढाल घासत राहिल्या, कारण ते त्यांचं काम होतं. दाढ अजून हसत होती. मी तिचे डोळे खिळ्यानं खरवडायचा एकदा प्रयत्न केला, पण पितळ चांगल्या प्रतीचं होतं.

सकाळचं "आ करा" बंद झालं. कावळे निवांत झाले.

सहा-सात महिने गेले असतील. एक दिवस मावशी भूगोलाच्या तासाला दारात उभ्या राहिल्या. हातात चष्म्याची डबी.

"भूगोलसर, परवा शहरात येता का? तिथं फॉर्म असतो. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"कसला फॉर्म?"

त्यांनी डबीतून चिठ्ठी काढली. भिंगरीची. तारीख परवाची.

मी तारीख पुन्हा वाचली. मावशींनाच माझी दया आली. "नंबर फुकट घालवायचा का? नऊ महिने लागतात एका नंबराला." आणि त्यांनी मागं हात घालून एका मुलीला पुढं ओढलं. दुसरीतलीच. पुढचे दात काळे म्हणून ही पोर कधी तोंड उघडत नसे. तिला सगळे 'डबी' म्हणायचे, कारण कायम मिटलेली. गालावर हात होता.

बसमध्ये चार तास मावशींनी तिला घोकवलं.

"नाव काय तुझं?"

डबीनं स्वतःचं नाव सांगितलं.

"ते नाही गं. आजचं नाव."

डबीनं भिंगरीचं पूर्ण नाव सांगितलं. हजेरीतलं.

"वय?"

"सात."

"मी कोण तुझी?"

"मावशी."

"आजी!" मावशी ओरडल्या. पुढचे प्रवासी वळून बघायला लागले. मग त्या हळूच म्हणाल्या, "आजी म्हण. आजच्यापुरतं."

डबी म्हणाली, "आजी." मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या. फार चांगला देखावा होता असं नाही.

रुग्णालयात फॉर्मवर मी भिंगरीचं नाव लिहिलं. वळणदार. अक्षर अजिबात हललं नाही, त्याला काय माहीत? बोळात पन्नास-साठ मुलं गाल धरून बसली होती. दारातून नाव पुकारलं गेलं. डबी ढिम्म. मावशी मात्र ताडकन उभ्या राहिल्या आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू लागल्या. जिकडून कोणी फिरत फिरत येऊ शकलं असतं, तिकडं. मग त्यांनी डबीला ढोसलं. "जा, तुलाच बोलावतायत."

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. उरलेल्या एकाच खुर्चीवर त्यांनी डबीची दाढ काढली, पू साफ केला, दोन दात भरले. मग मावशींच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "आजी, वेळेवर आणलंत हो. ही सूज खाली उतरली असती ना, तर पोर हाताला लागली नसती. शाबास तुमची."

मावशी म्हणाल्या, "हो, वेळेवर आणली."

कागदावर बाईंनी लिहिलं, 'उपचार पूर्ण'. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, आणि ती तारीख लगेच चिठ्ठीवर, कारण एकदा रुग्ण झालं की मधली वाट बघावी लागत नाही. मावशींनी ती तारीख दोनदा वाचून घेतली. मग माझ्याकडे असं पाहिलं की मला सगळं समजलं आणि मी पेन खिशात ठेवलं नाही.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी आम्ही जातो. आदल्या दिवशी मावशी रांगेतून पट्टी घेऊन फिरतात, पूर्वीसारख्याच. आता ज्या मुलीचं तोंड सगळ्यांत वाईट, तिच्या खांद्यावर टकटक. मुलगीच लागते, कागदावर मुलगी आहे. वयही जुळावं लागतं. बाकीची पोरं पट्टीकडे बघत उभी राहतात. पूर्वी टकटक झाली की नाचायची, आता नाही झाली की रडतात. "मावशी, माझी पण दाढ दुखतीये." मावशी त्यांना सांगतात, "दुधाची आहे, पडेल." त्यांना आता पक्कं माहीत असतं कोणती दुधाची आणि कोणती नाही. तरीही तेच सांगतात. मुलांना दुसरं सांगायला आहे काय?

तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढला, खुर्चीतल्या मुलीच्या तोंडात पाहिलं, पुन्हा कागदात पाहिलं.

"आजी, ही डावी दाढ तर मी मागच्या वर्षी काढली होती."

"हो, काढली होती."

"मग ही कुठून आली?"

मावशी म्हणाल्या, "आमच्या घराण्यात येतात परत."

मी भिंतीवरचा दात घासायचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागलो. डॉक्टरीणबाईंनी मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराबाहेरच्या बोळाकडे. तिथं साठ पोरं होती आणि खुर्ची एक. त्यांनी हातमोजे चढवले. काम संपल्यावर चिठ्ठी देताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा मोठी आणा. कागदावर आठ पूर्ण झालीयत तिला."

आज रुग्णालयाच्या कागदावर भिंगरी अकरा वर्षांची आहे. तिचे आठ दात भरलेत, पाच काढलेत, आणि सगळे पुन्हा जागच्या जागी आहेत. तिच्याइतकी दातांची निगा आमच्या मुलखात कोणाची राहिली नसेल. मावशींच्या एप्रनच्या खिशात कायम पुढची तारीख असते. परवाही गेलो होतो. सोबतची मुलगी पाचवीतली, पहिल्यांदाच शहरात आलेली, भेदरलेली. बोळात नाव पुकारलं. दर वेळेसारख्या मावशी मुलीच्या आधी उठल्या, ताडकन, आणि बोळाच्या त्या टोकाकडे बघत राहिल्या. तिकडून कोणी येत नाही, हे कळायला त्यांना नेहमीच दोन क्षण लागतात. या वेळी जरा जास्त लागले. आतून पुन्हा हाक आली. तेव्हा त्या वळल्या आणि शेजारच्या पोरीला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "ऊठ की गं. ती तूच."